डेट्रॉइट लायन्स, स्टॅफर्डचा ट्रेड आणि आमची चिवट आशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पहिल्यांदा ऑगस्ट २०२२ मध्ये लिहिलं. मंडळाच्या पिकनिकला, पुण्याच्या कॉलेज ग्रुपवर, चाकणहून बदली होऊन इकडे डेट्रॉइटला आलेल्या नवीन पोरांकडून तेच तेच प्रश्न यायचे आणि मी तेच तेच टाइप करून कंटाळलो होतो. तेव्हा आमची टीम आदल्या सीझनला १७ पैकी ३ मॅच जिंकलेली आणि मी तरी खुश, हे कुणाला पचत नव्हतं. जुनी उत्तरं खोडलेली नाहीत, चुकलो तिथेही नाही. पुढे जे घडलं ते "नंतरची भर" म्हणून त्याच उत्तराखाली जोडलंय. शेवटची भर ऑगस्ट २०२५.

१. हे फुटबॉल म्हणजे मेस्सीवालं का?

नाही हो. लांबुळका चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड, ते. लीगचं नाव एनएफएल, ३२ टीम्स, त्यातली आमची डेट्रॉइट लायन्स. पुढे चला.

२. क्वार्टरबॅक म्हणजे कोण? क्रिकेटमध्ये सांग ना.

क्रिकेटमध्ये नीट बसत नाही पण प्रयत्न करतो. आपली टीम अटॅक करत असताना जवळपास प्रत्येक वेळी चेंडू आधी याच्या हातात येतो, समोरून दीडशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात, आणि साधारण तीन सेकंदात त्याला ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा की दुसऱ्याला देऊन टाकायचा की स्वतःच पळायचं. नव्वदच्या दशकात सचिन आउट झाला की आपण टीव्ही बंद करायचो ना, तसा हा माणूस. आमच्याकडे तो मॅथ्यू स्टॅफर्ड होता, २००९ पासून १२ सीझन. आता विचार करा की सचिनच म्हणतोय मला दुसरीकडे जाऊ द्या, आणि बोर्ड म्हणतंय बरं.

३. ट्रेड म्हणजे विकला? किती पैसे मिळाले?

पैसे नाहीत, इथेच सगळे अडतात. आयपीएलमध्ये लिलाव असतो तसा इथे ड्राफ्ट असतो, दर एप्रिलमध्ये. कॉलेजमधून येणारी पोरं टीम्स नंबराने निवडतात, सात राउंड. जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला, जी सुपर बोल (म्हणजे सीझनची फायनल) जिंकली तिचा शेवटचा. या नंबराला पिक म्हणतात आणि ट्रेडमध्ये खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा पिक्स द्यायचे. नवीन पोरांचा पगार पिकच्या नंबरावरूनच ठरतो आणि तो स्टार लोकांच्या मानाने फार कमी असतो, आणि एका टीमने एकूण पगार किती द्यायचा याला कॅप आहे, म्हणून चांगलं पिक म्हणजे स्वस्तात चार वर्षं बांधलेला माणूस. स्टॅफर्डच्या बदल्यात लॉस एंजेलिस रॅम्सने आम्हाला पुढच्या दोन वर्षांची पिक्स दिली म्हणजे, आपल्या भाषेत, शेतात उभं राहायच्या आधीच पीक लिहून दिलं. (पिक आणि पीक, हा विनोद मी २०२१ पासून मारतोय, घरात आता कुणी हसत नाही.)

४. मग सौदा नक्की काय झाला?

३० जानेवारी २०२१ ला ठरला, कागदोपत्री मार्चमध्ये. आम्ही दिला स्टॅफर्ड. लॉस एंजेलिस रॅम्सने दिलं: त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२१ चं तिसऱ्या राउंडचं पिक, आणि २०२२ व २०२३ अशी दोन पहिल्या राउंडची पिक्स. गॉफ का दिला ते प्रश्न ९ मध्ये, पिक्समधून कोण आलं ते प्रश्न ११ मध्ये.

५. एवढा भारी होता तर जाऊ का दिला?

त्यानेच मागितलं, आणि मागितलं ते सभ्यपणे. पहिला नंबर म्हणून आला, तुटक्या बोटांनी खेळला, १२ वर्षांत ४५,००० च्या वर यार्ड फेकले आणि आमच्या टीमने त्याला त्या बदल्यात काय दिलं तर तीन प्लेऑफ मॅच, तिन्ही हरलेल्या. २०२० च्या सीझनच्या मध्येच कोच आणि जनरल मॅनेजर दोघांना काढलं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मांडामांड, आणि हा ३२ पूर्ण करून ३३ व्या वर्षात. त्याच्या जागी तुम्ही असता तर थांबला असता का?

आणि इथे आधीचा अनुभव वाईट होता. बॅरी सँडर्ससारखा जगात एक असा धावणारा माणूस १९९९ मध्ये एक फॅक्स पाठवून रिटायर झाला. कॅल्व्हिन जॉन्सन २०१६ मध्ये तिशीतच थांबला. दोघं गेले तेव्हा टीमच्या हाती काही राहिलं नाही. स्टॅफर्डच्या वेळी पहिल्यांदा हातात काहीतरी ठेवून, दोन्ही बाजूंनी नीट बोलून निरोप झाला. आमच्या आनंदाची पहिली वीट ही होती, पिक्स नंतर.

६. तुमचा इतिहास बघता आशा ठेवायला लाज नाही वाटत?

थोडी वाटते. शेवटचं चॅम्पियनशिप १९५७ चं, तेव्हा सुपर बोल नावाची गोष्टच नव्हती. त्यानंतर २०२२ पर्यंत एक प्लेऑफ मॅच जिंकली, ५ जानेवारी १९९२ ला डॅलसविरुद्ध, ३८-६. बास. २००८ मध्ये १६ पैकी १६ हरलो, आणि त्याच जोरावर २००९ मध्ये पहिला नंबर मिळाला, म्हणून स्टॅफर्ड आला! इथले जुने लोक काहीही वाईट झालं की "सेम ओल्ड लायन्स" म्हणून सुस्कारा सोडतात, आपल्याकडे "नेहमीचंच आहे" म्हणतात त्याच सुरात. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहेत ही, ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून पितात.

७. २०२१ ला ३ जिंकल्या, १३ हरल्या, १ टाय. यात खुश होण्यासारखं काय सापडलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा लांब.

हरण्याचेही प्रकार असतात. स्टॅफर्डच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही हरायचो ते ऑफिसमध्ये फाइल पुढे सरकते तसं, कुणाला सुखदुःख नाही. २०२१ चं हरणं वेगळं होतं. २६ सप्टेंबरला बाल्टिमोरविरुद्ध शेवटच्या मिनिटात आम्ही १७-१६ ने पुढे, आणि त्यांच्या जस्टिन टकरने ६६ यार्डावरून किक मारली, चेंडू आडव्या दांड्यावर आपटला, वर उडाला आणि पलीकडे पडला. लीगच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात लांब किक, आमच्याच डोक्यावरून. दोन आठवड्यांनी मिनेसोटाविरुद्ध पुन्हा तोच स्कोअर, १९-१७, पुन्हा शेवटच्या सेकंदाला किक. त्या मॅचनंतर कोच डॅन कॅम्पबेल पत्रकारांसमोर बसला आणि त्या आडदांड माणसाच्या डोळ्यात पाणी आलं. मी टीव्ही बघताना बायकोला म्हटलं, अगं हा बघ, याला आपल्याइतकं लागलंय.

असं करत करत ११ मॅच झाल्या, एकही जिंकलेली नाही, एक टाय. मग ५ डिसेंबर, पुन्हा मिनेसोटा. घड्याळात चार सेकंद, शेवटची संधी, गॉफने चेंडू फेकला अमॉन-रा सेंट ब्राउनकडे, म्हणजे चौथ्या राउंडमध्ये ११२ व्या नंबरावर घेतलेल्या पोराकडे, टचडाउन (चेंडू थेट त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे), २९-२७. त्या आठवड्यात इथल्या ऑक्सफर्ड गावातल्या शाळेत गोळीबार होऊन मुलं गेली होती, सगळं मिशिगन सुन्न होतं, आणि कॅम्पबेलने मॅचनंतर तो चेंडू ऑक्सफर्डच्या लोकांच्या नावे दिला. आमच्या गल्लीत लोक बाहेर येऊन ओरडत होते. कशासाठी, तर सीझनमधल्या पहिल्या विजयासाठी, तेही डिसेंबरात!

आकडे बघाल तर ती टीम रद्दी होती. पण नव्या लोकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की घर पाडून बांधणार, रंग मारून विकणार नाही, आणि जे सांगितलं तेच करत होते. वर्षानुवर्षं "यंदा होईलच" ऐकलेल्या माणसाला "यंदा नाही होणार" हे ऐकूनच हायसं वाटतं.

८. कोच म्हणाला होता गुडघे चावणार, हे मीम आहे की खरं?

खरं आहे. जानेवारी २०२१, नोकरी लागल्यावरची पहिली पत्रकार परिषद. आम्हाला पाडाल तर उठताना तुमची गुडघ्याची वाटी चावून उठू, अशा अर्थाचं. सगळ्या देशाने टिंगल केली. मीही हसलो, म्हटलं आला अजून एक. पण गाव गाड्या बनवणाऱ्यांचं आहे, तीन शिफ्टमध्ये काम केलेल्या लोकांना तो माणूस आवडला.

९. गॉफ फक्त भरतीचा माल होता ना?

(२०२२ चं उत्तर, जसंच्या तसं.) हो, बहुतेक. २०१६ चा पहिला नंबर, फेब्रुवारी २०१९ मध्ये सुपर बोलला नेलं आणि तिथे १३-३ हरला, मग रॅम्सच्या कोचचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. त्याचा पगार जड होता, तो आम्ही गळ्यात घेतला म्हणून एक पिक जास्त मिळालं असं समजा. दोन वर्षं सांभाळेल, मग ड्राफ्टमधून नवीन पोरगा घेऊ.

*नंतरची भर:* साफ चुकलो. मे २०२४ मध्ये त्याच गॉफला चार वर्षांचं २१२ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि मला एक डॉलरही जास्त वाटला नाही. आमचा जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स आधी रॅम्सच्या स्काउटिंगमध्येच होता, गॉफला कॉलेजमधून निवडलं तेव्हापासून ओळखत होता. आम्ही ज्याला भंगार समजलो ते त्याला माहीत होतं काय आहे.

१०. चांगला नंबर मिळावा म्हणून मुद्दाम हरतात का?

खेळाडू नाही हरत. त्यांची कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी असतीलच याची खात्री नसते, दुसऱ्याच्या ड्राफ्टसाठी कोण आपली नोकरी घालवेल? मॅनेजमेंट टीम कमकुवत ठेवू शकते, तो वेगळा विषय.

२०२१ ची शेवटची मॅच आम्ही ग्रीन बेविरुद्ध हरलो असतो तर पहिला नंबर आमचा होता. जिंकलो, ३७-३०, आणि दुसऱ्यावर आलो. ग्रुपवर दोन दिवस शिव्याशाप. मग एप्रिलमध्ये जॅक्सनव्हिलने पहिल्या नंबरावर दुसराच घेतला आणि एडन हचिन्सन, इथल्याच प्लिमथ गावचा, मिशिगन युनिव्हर्सिटीचा, आमच्या पदरात पडला. त्यामुळे हरण्याचं गणित मांडणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, हे उदाहरण देतो आणि चहा पितो.

११. स्टॅफर्डच्या पिक्समधून शेवटी आलं कोण? हिशोब मांड.

(२०२२ चं उत्तर.) २०२१ चं तिसऱ्या राउंडचं पिक (१०१ वा नंबर): इफेआटू मेलिफोन्वू, डिफेन्सवाला. २०२२ चं पहिलं पिक अगदी शेवटचं म्हणजे ३२ वं निघालं (कारण प्रश्न १२), ते आणि अजून दोन पिक्स मिनेसोटाला देऊन आम्ही १२ व्या नंबरावर चढलो आणि जेमसन विल्यम्स घेतला, सोबत ४६ वं पिकही मिळालं. तो जानेवारीतच गुडघा फाटून बसलाय, यावर्षी फारसा दिसणार नाही. २०२३ चं अजून यायचंय.

*नंतरची भर:* आलं आणि दणक्यात आलं, सहावं. ते आणि ८१ वं पिक ॲरिझोनाला देऊन १२ वं, ३४ वं आणि १६८ वं घेतलं. १२ व्यावर जमीर गिब्स, ३४ व्यावर सॅम लापोर्टा. बाराव्या नंबरावर रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) घेतला म्हणून टीव्हीवरच्या शहाण्यांनी नाकं मुरडली होती, त्याच गिब्सने २०२४ ला २० टचडाउन केले. विल्यम्सला बेटिंगचे नियम मोडल्यामुळे काही मॅच बाहेर बसावं लागलं, २०२४ ला मात्र हजार यार्ड पूर्ण केले.

आणि लोक मेलिफोन्वूला विसरतात म्हणून मुद्दाम: २४ डिसेंबर २०२३, मिनेसोटाविरुद्ध शेवटी चेंडू पकडून मॅच संपवली ती त्याने, आणि त्या मॅचने आम्ही १९९३ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे आमचा चार टीम्सचा गट, जिंकलो. ट्रेडमधला सगळ्यात चिल्लर भाग होता तो.

१२. स्टॅफर्ड तिकडे जाऊन पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला, जळफळाट नाही झाला?

नाही, आणि हे कुणालाच खरं वाटत नाही. १३ फेब्रुवारी २०२२ ला रॅम्सने सिनसिनाटीला २३-२० ने हरवलं तेव्हा डेट्रॉइटमधली निम्मी माणसं "डेट्रॉइट रॅम्स" लिहिलेले टीशर्ट घालून बसली होती. मुलगी सासरी सुखात आहे म्हटल्यावर माहेरच्यांना होतं तसं काहीसं. तोटा एकच, रॅम्स जिंकल्याने त्यांचं पिक थेट ३२ व्या नंबरावर घसरलं.

शिवाय त्या विजयाने एक जुना वाद मिटला: बारा वर्षं दोष क्वार्टरबॅकचा होता की टीमचा? टीमचा. हे कळल्यावर निदान काय दुरुस्त करायचं ते तरी समजतं.

१३. मग आता रॅम्स हरावेत म्हणून देव पाण्यात घालायचे की नाही?

(२०२२ चं उत्तर.) घाला. स्टॅफर्डला सुपर बोलची अंगठी मिळाली, आता २०२३ चं पिक आपलं आहे, भावना एका बाजूला.

*नंतरची भर:* यात एक भानगड झाली ती नीट ऐका. २०२२ ला आम्ही पहिल्या सातपैकी सहा हरलो आणि मग उरलेल्या दहापैकी आठ जिंकलो. ८ जानेवारी २०२३, शेवटचा दिवस. आम्ही प्लेऑफला जायचं तर आमची मॅच जिंकायची आणि रॅम्सने सिॲटलला हरवायचं. म्हणजे सीझनभर ज्यांनी हरावं म्हणून बसलो, त्यांनी त्या एका दुपारी जिंकावं! ते ओव्हरटाइममध्ये हरले, १९-१६. आमचं पिक सुधारलं आणि आमचा सीझन संपला, एकाच किकने.

आमची मॅच रात्रीची होती, ग्रीन बेमध्ये, आता निव्वळ नावाला. पोरं तरीही जीव तोडून खेळली, २०-१६ जिंकली, ग्रीन बेलाही प्लेऑफबाहेर काढलं, आणि ती त्यांचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सची त्या टीमकडून शेवटची मॅच ठरली. काही मिळणार नसताना असं खेळणारी लायन्स टीम मी त्याआधी पाहिली नव्हती.

१४. स्टॅफर्ड परत आला तेव्हा त्याला बू केलंत, मग ती माहेर-सासरची उपमा कुठे गेली?

(हा प्रश्न २०२४ मध्ये आला.) १४ जानेवारी २०२४, फोर्ड फील्डमधली पहिलीवहिली प्लेऑफ मॅच, आणि समोर कोण, तर रॅम्स आणि स्टॅफर्ड. स्टेडियम २००२ चं आहे. तिकिटांचे भाव बघून आम्ही बारा जण माझ्या बेसमेंटमध्ये बसलो. हो, लोकांनी त्याला बू केलं आणि गॉफच्या नावाचा गजर केला, ज्याला रॅम्सने नको म्हणून दिला होता त्याच्या. स्टॅफर्ड त्या रात्री सुंदर खेळला, मला दर पासला धडकी भरत होती. २४-२३ ने जिंकलो. ३२ वर्षांनी प्लेऑफ विजय.

बू बद्दल विचाराल तर, जावई लाडका असला तरी सारीपाटात समोर बसला की त्याची सोंगटी मारायचीच. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी, ते इथे पस्तीस वर्षं आहेत, बू पण केलं आणि मॅच संपल्यावर स्टॅफर्ड आत जाताना टाळ्याही वाजवल्या, टीव्हीसमोर.

१५. सगळं ठीक आहे, पण सुपर बोल कुठाय?

नाहीये. २८ जानेवारी २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफटाइमला २४-७ ने पुढे होतो, हरलो ३४-३१. त्याबद्दल मी अजून बोलत नाही. २०२४ चा सीझन १५-२, फ्रँचायझीचा सगळ्यात भारी, पण डिफेन्सचे एकेक गडी जखमी, हचिन्सनचा ऑक्टोबरमध्येच पाय मोडला, आणि पहिल्याच प्लेऑफ मॅचला वॉशिंग्टनने ४५ ठोकले. त्यानंतर आमचा ऑफेन्सचा कोच बेन जॉन्सन शिकागोला आणि डिफेन्सचा कोच ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला हेड कोच म्हणून गेले. शिकागो आमच्याच डिव्हिजनमध्ये, म्हणजे वर्षातून दोनदा भेटणार, तेही आपल्याच वहीतली गणितं घेऊन.

आता अपेक्षा वाढल्यात आणि खरं सांगू का, २०२१ च्या त्या ३-१३-१ मध्ये बघायला जास्त मजा होती. हरायची भीती नव्हती.

१६. भारतातून किती वाजता लागते?

इथली रविवार दुपारी एकची मॅच म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेदहा, नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं मागे गेली की साडेअकरा. सीझन साधारण गणपतीच्या आसपास सुरू होतो. एकच बघायची असेल तर थँक्सगिव्हिंगची बघा, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, रात्री अकराच्या सुमारास. १९३४ पासून त्या दिवशी लायन्स खेळतात (युद्धाची काही वर्षं सोडून), टीम कितीही भिकार असली तरी.

१७. जर्सी कुणाची घेऊ? आणि घरात स्टॅफर्डची आहे तिचं काय?

नवीन घ्यायची तर सेंट ब्राउन, १४ नंबर, कुणी नाव ठेवणार नाही. पोरांना विल्यम्सची हवी असते, तिथे सावध राहा: तो २०२२ ला १८ होता, २०२३ ला ९ झाला, २०२४ पासून १ आहे. जुना स्टॉक सेलमध्ये मिळतो तो याचमुळे.

९ म्हणजे स्टॅफर्डचाच नंबर. ज्याच्या बदल्यात आला त्याचाच नंबर या पठ्ठ्याने एक वर्ष घातला. माझ्याकडे स्टॅफर्डची २०११ ची आहे, कॉलर विटलेली. २०२३ ला मुलगा विल्यम्सची मागत होता तेव्हा मी हीच दिली, म्हटलं नंबर तोच आहे, पाठीवरचं नाव जॅकेटखाली झाकलं जाईल. दोन मॅच घातली त्याने, मग मित्राने ओळखलं.